खमिराची खोली

— तिथं नका बसू, तिथं ओल हाय. हिकडं या, खाटंवर बसा अशा मोकळ्या, मरियाबाई. बापयांचं तिकडं भट्टीपाशी चालू द्या, ते काय एवढ्यात उठत न्हाईत. आमच्या ह्यांना कुणी भट्टीबद्दल इचारलं की सांज झालेली कळत न्हाई — आन तुमचे मेहुणे तर लई खोदून खोदून इचारायला लागलेत. इचारू द्या, पोरीचा बाप हाय, इचारलंच पायजे. तुमीबी इचारा. पुष्पावती तुमच्या बहिणीची, पण आईच्या माघारी वाढवली तुमी, बेलापुराहून एवढ्या लांब घर बघायला आलाय, तर नीट बघून जा. म्हणून तर तुमाला ह्या खोलीत आणलं. भट्टी सगळ्या भिंगारनं बघितलीय, पण ही खोली आमी कुणाला दावत न्हाई. बेकरी म्हणाल तर खरी ही हाय — ह्या बरण्या. थांबा, एक उघडून दावते. वास जरा आंबूस येतो, नाकाला पदर लावा हवं तर. हे खमीर. बुडबुडे बघा कसे येतात — जितं हाय हे. मैदा, उकडलेला बटाटा, चिमूट साखर आन कोमट पाणी, एवढंच खायला लागतं त्याला. पण येळंवर लागतं. सकाळी, दुपारी, सांजंला, आन मग रातीला एकदा. उशीर झाला की रुसतं, आंबतं, मग पाव बसतो. तान्ह्या लेकरावानी हाय — फरक एवढाच, लेकरू वाढून मोठं हुतं.

तुमी म्हणाल, हिचं नवऱ्याचं कौतुक लई. हाय बाई, खोटं कशाला बोलू? कॅम्पात गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याच्या हाताखाली भांडी घासत हुते हे. तिथं पाव शिकले. मी लग्न हून आले तवा एक भट्टी, ती बी पावसात गळायची, आन डोक्यावर टोपली घिऊन हे दारोदार फिरायचे. तिथनं आज दुकान हाय, टांगा हाय, पाटीवर ‘यशया बेकरी’ लिवलंय. कसं झालं म्हणता? ह्यांचं एकच बोलणं — रोज एक गोष्ट कालच्यापरीस बरी झाली पायजे. एकच, जास्त न्हाई. आज भट्टीचं दार दोन बोटं आत घ्या, उद्या मीठ आधी न घालता मागनं घाला, परवा टोपलीला आतनं धडूतं शिवा म्हंजे वाफ धरत न्हाई. शनवारी सांजंला सगळे कामकरी गोळा करायचे, आठवड्यात परत आलेला पाव मेजावर मांडायचा, आन ज्यानं त्यानं सांगायचं का बिघडला. शिव्या न्हाईत, वरडणं न्हाई. ‘दोष पावाचा सांगा, माणसाचा सांगू नका’ — हे ह्यांचं वाक्य. त्याच्यामुळं माणसं टिकली आमच्यात. दुसऱ्यांची दिवाळीला येतात न् शिमग्याला जातात, आमची म्हातारी झाली हितंच.

लढाई लागली तवा काय झालं ठावं हाय का — कॅम्पात गोरे सोल्जर मावंनात, पाव पुरंना. ह्या भिंगारात ज्याला त्याला बेकरी काढावी वाटली. कुणी भट्ट्या वाढवल्या, कुणी मैद्यात काय काय मिसळलं. ह्यांनाबी लोक म्हणले, यशया, येडा का काय तू, सोनं वाहून चाललंय. तर हे म्हणले, भट्टी आधी न्हाई वाढवायची, खमीर आधी वाढवायचं. खमीर जेवढं वाढंल तेवढंच आपण वाढायचं. आन गावातली गिऱ्हाइकं, चार टोस्ट घेणारी म्हातारी कोतारी, तिला एक दिवस बी मोकळ्या हातानं परत न्हाई लावायची. झालं, लढाई सरली, गोरे गेले, आन त्या सगळ्या भट्ट्यांत आता कोंबड्या बसतात. आमची चालू हाय. ते म्हातारीचे टोस्ट हुते म्हणून चालू हाय. मैद्याची टंचाई पडली तवा बटाटा वाढवून पाव कसा मऊ ठेवायचा ते मी काढलं — ह्यांनी शनवारी सगळ्यांम्होरं सांगितलं, हे सारानं काढलं. पावाबद्दल मी काय बी बोलले तर हे हातातलं काम टाकून ऐकतात. पावाबिगर दुसरं काय बोलावं ते मला आताशा सुचतच न्हाई.

आता म्हणतायत, तुमच्या बेलापुराला साखर कारखान्याच्या वस्तीत पाव द्यायचा. पहाटंच्या गाडीनं टोपल्या जातील, न्याहारीला गरम पाव. जमंल हो, का न जमंल? आणखी दोन बरण्या लागतील. आन दोन बरण्यांना आणखी दोन हात. म्हणून मी म्हणले, पोराचं, शांतवनचं लगीन आता उरका.

कामकऱ्याला का शिकवत न्हाई? — हां, इचारलंत. सगळे इचारतात, पण ह्यांना कुणी इचारत न्हाई, मलाच इचारतात. अहो, भट्टी शिकवली कामकऱ्याला की वरीस सरायच्या आत तो समोर दुकान टाकतो — एकानं टाकलं हुतं. चाललं न्हाई, कारण खमीर आमच्यात हुतं. तवापासनं ह्यांनी ठरवलं, भट्टी कामकऱ्याची, खमीर घरचं. घरच्या बाईचं. बाई कुठं जातीय? रतनला, माझ्या लेकीला, शिकवायला निघाले तर म्हणले, ती परक्या घरी जाणार, तिला नको. पटलं मला. लेक जाती, सून येती — आन येती ती ऱ्हाती. बरोबरच हाय की हिशेब.

माहेरी? जाईल की. जाईल ना पुष्पावती माहेरी, का न जाईल… पहिलटकरणीला तर… म्हंजे बघू. सकाळी येऊन सांजंला परत, असं. न्हाई, तसं न्हाई म्हणत मी — बेलापूर काय लांब न्हाई. मी? माझं माहेर राजुराकडं, डोंगरात. लांब पडतं.

एकदा गेल्ते मी, माहेरी न्हाई, राहुरीला रतनच्या बाळंतपणाला. बरण्या ह्यांच्यावर टाकून गेल्ते, सगळं सांगून, दोनदा वदवून. नातू झाला, तोंड बघितलं, तिसऱ्या दिवशी दारात टांगा. हे सवता आलेले. काय झालं इचारलं मी, तर सरळ माझं बोचकं उचललं, टांग्यात ठेवलं. घरी येऊन बघते तर सगळ्या बरण्या आंबून गेलेल्या, तळाला एक चमचाभर जित्तं उरलेलं. त्या चमचाभरावरनं परत उभं केलं मी. हे मला एक शब्द बोलले न्हाईत, मरियाबाई. शनवारी फकस्त बसलेला पाव मेजावर मांडला, भाकरीवानी चपटा. म्हणले, दोष पावाचा सांगा. सगळे पावाकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघत हुते.

मग ही खोली बांधली. माझ्यासाठी हां. तुला येरझाऱ्या नकोत म्हणले, रातीचं अंगणातनं यायला नको, पाय घसरला तर? ही खाट बी नवी करून आणली, गादी बघा कशी भरलीय. लई जीव हाय माझ्यावर — खरंच हाय, थट्टा न्हाई करत मी. खिडकी? खिडकीनं वारा येतो, वाऱ्यानं खमीर बिघडतं. तसा उजेड लागत न्हाई मला. वासावर कळतं सगळं, अंधारात बी कळतं.

राजुराहून भाऊ आल्ता एकदा, मागल्या थंडीत. आई आजारी हाय म्हणला, तुझं नाव घेती, चल. नाताळ तोंडावर, केकची न् पावाची एवढी मागणी, टोपल्या पुरंनात. हे म्हणले, जायचं ना, जायलाच पायजे, आई हाय — उद्या जा. उद्या उजाडला तर मैद्याच्या गोणी उशिरा आल्या, म्हणले उद्या जा. मग कढत पाण्याचा पिंप फुटला. अडवलं न्हाई मला एकदा बी. भाऊ दोन दिस वाट बघून गेला. आन मग निरोपच आला, झालं म्हणून. रविवारी उपासनेला देवळात ह्यांनी पाद्रीसाहेबांना सांगून आईसाठी प्रार्थना करविली. सगळं देऊळ उभं ऱ्हायलं हो. मी उभी ऱ्हाऊन मनात काय म्हणत हुते सांगू? आता घरी जाऊन बरणीचं झाकण काढायला पायजे, उशीर झाला. आईसाठी प्रार्थना चाललीय आन मला बरणी दिसतीय. तवा मला माझंच भ्या वाटलं.

घ्या, नानकटाई घ्या, तुमी कायच घेतलं न्हाई. — पुष्पावती का पसंत पडली? सांगते ना. सुगीच्या सणाला तुमी सगळी हितं नगरला आल्ता, देवळात माझ्याम्होरच्या बाकावर बसला हुता. उपदेश लांबला, लेकरं रडायला लागली, बाया पाय मोकळे करायला बाहेर गेल्या. तुमची पोरगी हलली न्हाई. एका जागी बसली ती बसली. मग बाहेर आल्यावर माझ्या पाया पडली, तवा मी तिचे हात हातात घेतले — गार हात. खमिराला गारच हात लागतात, ऊन हातानं ते लवकर आंबतं. शांतवनला ती आधीच आवडली हुती, ते मागनं कळलं मला. माझा लेक साधा हाय, बापाम्होरं बोलत न्हाई, पण तिचं नाव निघालं की कानापातुर लाल हुतो. मला म्हणत हुता, आई, तिला मास्तरीण व्हायच्या शाळंत जायचंय, जाऊ दे की. मी म्हणले, जाईल जाईल, आधी घरात तर येऊ दे. एकदा घरात आली की… चार म्हयने मी शेजारी बसून शिकवीन, रातीची पाळी आधी देईन, ती अवघड असती, ती जमली की सगळं जमतं. मग हे बी कुरकुर करणार न्हाईत. मग मी राजुराला जाईन. सांगून ठेवलंय मी भावाला, लग्नाचा मांडव उतरला की… आईला पुरलं ती जागा बघितली न्हाई मी अजून. डोंगराच्या पोटाला हाय म्हणतात, समोर पाणी दिसतं. तिथं बसून ऱ्हायचं, कायच करायचं न्हाई, उन्हात नुसतं बसायचं, आन हितं ती…

…

हितं ती बसंल. ह्या खाटंवर.

थांबा, मरियाबाई, काय नका बोलू. मलाच ऐकू आलं. आजवर असं मोठ्यानं मी कुणाला सांगितलंच न्हवतं, म्हणून ऐकू आलं न्हवतं. बाजारात बैल बघावा तशी बघितली मी पोर. हात गार हायत, जागची हलत न्हाई, आई न्हाई म्हंजे माहेरची ओढ कमी — व्हय, हे बी मनात आलं हुतं माझ्या. तुमाला सांगते ते, कारण तुमी तिला वाढवलीय. तुमच्या गळ्यात हात टाकून झोपली असंल ती लहानपणी. आन मी हितं तिच्या पाळ्या लावून बसलीय.

ऐका. ते तिकडनं उठतील आता, ह्यांचा आवाज जवळ यायला लागलाय. बाहेर गेल्यावर हे तारीख धरतील, लगीच धरतील, ह्यांना काम लांबवलेलं आवडत न्हाई. तुमी काय म्हणू नका. तुमच्या मेहुण्यांनी न्हाई म्हणलं तर हे कारण इचारतील, एकेक कारण घेतील आन एकेक सुधारून दावतील — खिडकी पायजे तर खिडकी पाडतील, खरंच पाडतील, जाळी लावून देतील — आन तुमचे मेहुणे हो म्हणून बसतील. ह्यांच्याम्होरं कुणाचं ‘न्हाई’ टिकत न्हाई. म्हणून ‘न्हाई’ मीच म्हणणार. सासूला मुलगी पसंत पडली न्हाई. ह्याला काय कारण लागत न्हाई, गावोगाव रोज हुतंय. मी म्हणीन, अंगानं बारीक हाय, कामाची न्हाई. तुमाला राग आल्यावानी करा. तुमच्या मेहुण्यांना खराच येईल, येऊ द्या. भिंगारात म्हणतील, यशयाच्या बायकोला लई माज आला. म्हणू द्या की.

न्हाई, माझं काय? माझं काय न्हाई. ह्यांनी दुसरी बघितली तर? … तर दुसरी येईल तवा तिच्या मावशीला बी ह्या खोलीत आणीन मी. आता मला कळलंय काय बोलायचं ते.

शांतवनला मी सांगीन. त्याला वाईट वाटंल, म्हयनाभर माझ्या हातचं पाणी पिणार न्हाई तो. तुमाला एक सांगून ठेवते, फकस्त तुमाला — त्याला ती हवीच असंल, तर तो एकटा येईल तुमच्या दारात. बेकरी सोडून, टांगा सोडून, नेसत्या कपड्यानिशी. कारखान्यात हमाली करीन म्हणंल. तसा आला तर हाकलू नका त्याला. पोरगीला शाळंत घालंल तो. आन न्हाई आला, तर समजा तो बी ह्या बरणीतलाच, पोरीनं नाद सोडलेला बरा.

डोळे पुसा तुमी आधी. ते बघतील. पदराखाली कशाला लपवताय तोंड, पुसा नीट — हां. मी न्हाई रडत, माझे डोळे आंबूस वासानं असेच असतात.

— आले हो, आले! एवढं झाकण लावते न् आले!

तुमी पुढं व्हा. अशा न्हाई, रागानं जा, चपला वाजवत जा. आन माझ्याकडं वळून बघू नका, मरियाबाई, एकदा बी बघू नका. जा.