हुमनाबादच्या गंजातली घोडी

मी मूळची कोहिनूरची बगा ताई. ते हिऱ्याचं कोहिनूर न्हाई, आमचं बसवकल्याणकडलं, काळी जमीन, तूर, जवारी आन् उन्हाळ्यात पाण्याचे हाल. चार भावंडांत मी तिसरी, मला दिलं मुडबीला. सासर बरं व्हतं, खोटं कामून बोलू, सासू रागीट पण तिच्या हाताला चव व्हती. नवरा माझा शांत माणूस, गाडी हाकायचा, गावातल्या लोकांचा माल हुमनाबादच्या गंजात न्यायचा. गंज म्हणजे धान्याचा बाजार, तुमी आता मार्केट यार्ड म्हणताव. मी बी कधीमधी पोत्यावर बसून त्याच्यासंगं जायची. गाडी कशी भरायची ते त्यानंच दाखवलं मला, पुढं वजन झालं की बैलाच्या मानंला भार, मागं झालं की गाडी उलाळ व्हती, जू वर, माल खाली. एकदा खरंच झालती उलाळ, शेंगांची पोती सगळी रस्त्यावर, आन् आमी दोघं भांडायचं सोडून हसत बसलो. तेवढंच हसलो बगा संसारात, कारण पुढल्याच साली पटकी आली गावात, सकाळी त्याला जुलाब सुरू झाले आन् दिवस मावळायच्या आत माणूस गेला. पोलीस अॅक्शन झालती, निजामाचं राज्य गेलतं, लोक म्हणायले आता सगळं नवं व्हणार, आन् माझ्या पदरात दोन वर्साची कमळी.

माझी नणंद काशीआक्का हुमनाबादला राहायची. ती बी रांडमुंड, लेकरू न्हाई बाळ न्हाई, गंजात झाडलोटीच्या कामाला. दहाव्याला आली आन् सासूला म्हणली, हिला मी नेते, हितं ही कुजंल. तिचं ऐकायची सगळी घरात. काय सांगू ताई तुमाला, बाई म्हणजे कशी, उंच, हाडापेरानं मोठी, डोक्यावर दोन मणाचं वझं घेऊन वर आपल्याशी बोलत चालायची. कानडी बोलली तर वाटायचं कानडीच हाय, गंजातल्या जमादारासंगं मुसलमानी बोलायची, आन् शिव्या मात्र मराठीत. तिनं मला गंजात लावलं.

आमी आठ बाया. गंजातला कचरा म्हणजे काय थोडका? शेंगाची टरफलं, तुरीचा भुसा, मिरचीचे देठ, सडका गूळ, बैलाचं शेण. आधी सगळं एका कोपऱ्यात टाकायचे, माशा ह्या अशा, पाऊस पडला की ते वाहून गावात जायचं. पटकीचा धसका बसलेला, तर कुणी डागदर साहेब आला, त्यानं हुकूम केला की उघड्यावर घाण ठिवायची न्हाई, मोठ्या टाकीत भरायची. लष्कराच्या छावणीतल्या लोखंडी टाक्या मागं राहिलत्या, तशी एक आणली. खाली लोखंडी चाकं, मागं झाकण, आठ दिवसाला लॉरीला बांधून गावाबाहेर न्यायची आन् झाकण उघडून मोकळी करायची. टाकी केवढी, तर माझ्या डोक्यावर अजून हातभर. साहेबाचं डोकं चांगलं व्हतं, वंगाळ न्हाई म्हणत मी, पण भरणारी बाई केवढी असती ते काय त्यानं बघितलं न्हाई.

मग शिडी लावली. पाटी डोक्यावर, एका हातानं शिडी, एका हातानं पाटी, वर गेल्यावर दोन्ही हात सोडून पाटी उपडी करायची. दिवसाला किती खेपा त्याला मोजदाद न्हाई. वारं आलं की मिरचीचा खकाणा डोळ्यात, दिसायचं न्हाई काई. पुढं सडकंच्या कामावरून उरलेल्या तीन एकचाकी गाड्या आणल्या, ढकलायच्या, आमी म्हणलं चला बरं झालं. कशाचं बरं? गाडी टाकीपर्यंत यायची, आन् तिथून पुन्हा पाटीत भरून शिडीवरून वरच. काम एकाचं दोन झालं.

शिमग्याच्या आधीचे दिवस आसतील, मिरचीचा हंगाम. काशीआक्का वर व्हती, मी खाली. तिनं पाटी उचलली आन् वाऱ्याचा एक झोत आला, ती शिंकली. शिंकलीच फक्त ताई. आन् खाली आली. आवाज कसा आला म्हणून सांगू, पोतं पडल्यावनी. मी धावले, तर म्हणायली, गोदे, पाटी फुटली का बघ. कमरेचं हाड मोडलं व्हतं तिचं. हाडवैद्यानं बांधलं, तीन महिने आंथरुणात, उठली तव्हा एक पाय आखूड. लंगडी बाई शिडी कशी चढंल? आन् गंजात रिवाज असा की आठी जणींनी पाळीनं चढायचं. हजेरीतून नाव गेलं तिचं. आमची हजेरी घेणारा खाजामियाँ जमादार वाईट माणूस नव्हता, घरी येऊन म्हणला, क्या करूँ अम्मा, ऊपर से हुकुम है. ही म्हणली, तू तरी काय करशील बाबा, चहा पी. तो गेल्यावर भिंतीकडं तोंड करून पडली. दोन दिवस बोलली न्हाई. मला भ्या वाटायचं ते तिच्या पायाचं न्हाई, तिच्या गप बसण्याचं.

गंजाच्या दाराशी वीरण्णा मिस्त्री बसायचा, सुतार, गाड्यांची चाकं दुरुस्त करायचा. बारीक माणूस, कानाला पेन्शिल, दिवसात चार शब्द बोलला तर लई. आक्का पडली ते त्यानं समोर बसून बघितलं व्हतं. एक दिवस मी गाडी घेऊन चाललेली, तर म्हणला, तंगी, थांब. तंगी म्हणजे कानडीत धाकटी भैन. मोडक्यातोडक्या मराठीत इचारायला, यात जड काय हाय, वर चढणं का? मी कधी इचारच केला नव्हता, कारण कुणी इचारलंच नव्हतं. मी म्हणलं, अण्णा, चढायचं न्हाई वो काई, पाय हाय तवर चढू, वर उभं राहून उपडं करायचं, तिथं जीव जातो. ही गाडीच वर गेली आन् उलाळ झाली तर किती चांगलं. मी आपली सहज बोलले, नवऱ्याची आठवण आली म्हणून. तो खाली वाकून मातीत पेन्शिलीनं रेघा वढायला लागला. मी गाडी घेऊन निघून गेले.

तव्हापासून बगावं तर तो रिकाम्या येळेत आमच्या गाड्या मोजायलाय. चाक केवढं, दांडे केवढे. मला गाडी धरून उभं करायचा आन् जमिनीपासून माझ्या मुठी किती उंच ते दोरीनं मापायचा. बाया हसायच्या, म्हणायच्या, गोदाबाईला चोळी शिवायलाय का मिस्त्री. पण ताई, खरं सांगू, माझं माप घेतलं ते त्या एकाच माणसानं. न्हाईतर जगात जे जे काई आमच्या हातात आलं, ते दुसऱ्याच कुणाच्या मापाचं.

लाकूड कुठनं आणावं? करोडगिरीचा नाका तव्हा उठला व्हता, निजामाच्या काळची ती जकात, आता बंद झालती, तिथले वासे, आडवं लाकूड पावसात पडलेलं. खाजामियाँनं साहेबाला इचारलं, साहेब म्हणला, घेऊन जा. जमादार स्वतः गाडीवर बसून घेऊन आला आन् म्हणला, मिस्त्री, मेरी नौकरी गई तो तेरे घर खाने को आऊँगा.

पंधरा दिवसांत उभं केलं. लांब चढ, फळ्याफळ्यांचा, दोन्ही बाजूला काठ, म्हणजे चाक घसरायचं न्हाई, आन् पाय धरायला आडव्या पट्ट्या. चढ लांब, त्याच्यामुळं गाडी कशी, पोटावर जोर न येता जायची. टाकीच्या काठावर शेवटली एक फळी येगळी, मधी लोखंडी दांड्यावर बसवलेली, तराजूच्या दांडीवनी वरखाली व्हणारी. आमी त्याला घोडी म्हणलं, सुतार लोक लाकडाच्या टेकूला घोडी म्हणतेत तसं. सगळा गंज जमा झाला, हमाल, आडते, गाडीवाले. म्हणले कोण जाणार? मिस्त्री म्हणला, गोदाबाई.

मी भुशाची गाडी घेऊन चढले. शेवटल्या फळीवर चाक गेलं आन् फळी जी तोंडावर पडली, गाडी माझ्या हातातून सुटली, भुसा, गाडी, चाक, दांडे, सगळं धडाम टाकीत! मी काठाला धरून लटकले म्हणून वाचले, न्हाईतर मी बी आतच. काय हसली माणसं, आडत्यांची पोटं हलायली. एकानं म्हणलं, मिस्त्री, आता बायाच टाका आत एकेक. वीरण्णा हसला न्हाई, चिडला न्हाई. टाकीत उतरला, भुशातून गाडी काढून दिली, आन् त्या फळीपुढं बसून राहिला, येळ झाला, लोक गेले तरी बसलेला. मला म्हणला, तंगी, लागलं का. मी न्हाई म्हणलं. म्हणला, माजी चूक.

जमादारानं सांगितलं, बस झालं, मोडा हे. मी पाय धरले त्याचे, म्हणलं एक डाव. एकच डाव.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव, चाकावर बसवतेत ती पट्टी, वाकवून फळीच्या टोकाला दोन आकडे केले, म्हणजे चाक त्यात अडकून बसायचं, पुढं जायचं न्हाई. आन् फळीच्या मागल्या टोकाला खाली फुटक्या जात्याची तळी बांधली. ह्या डावाला माणसं जमली न्हाईत, आमी बायाच. मी चढले, तोंडात देवाचं नाव. चाक आकड्यात गेलं, टक आवाज आला. मी हात सैल केले. आन् ताई, गाडी आपोआप वाकली, अशी सावकाश, देवापुढं माणूस वाकतंय तशी, सगळा कचरा सरसर सरसर आत, एक काडी मागं राहिली न्हाई. आन् रिकामी झाली तशी जात्याच्या वझ्यानं फळी मागं आली, गाडी उभी झाली आन् दांडे आले की माझ्या मुठीत! मी हातच केले नव्हते पुढं. जिथं माझ्या मुठी व्हत्या तिथं आले. मला वाटलं कुणीतरी हाय आत. खरंच, मी वाकून खाली बगितलं, कुणी हाय का.

खाली आले बायांकडं. एकीनं आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन त्या फळीला लावलं. वीरण्णा म्हणला, आयतु. झालं. आन् हत्यारं गोळा करायला लागला.

लोक भेत व्हते की आता आठ बाया कशाला, चार ठिवतील. आमी बी भेलतो. पण खाजामियाँनं साहेबापुढं हिशेब मांडला की आता टाकी लवकर भरती, तर गंजाच्या मागची गल्ली बी ह्याच बायांकडं द्या. आन् म्हणला, चढायला दोघी बास, बाकीच्या खालीच झाडणार, भरणार, तर त्या लंगड्या अम्माचं नाव कामून कापलं? काशीआक्काचं नाव पुन्हा हजेरीत लागलं. ती खाली बसून गाड्या भरायची, आन् तोंड पुन्हा चालू, आता शिव्या बसूनच द्यायची.

एक महिना झाला असंल. दुपारी सगळ्या भाकरी खायलोत, तर आक्का उठली, भरलेल्या गाडीचे दांडे धरले. मी म्हणलं आक्का, काय करायलाव? म्हणली, गप खा. लंगडत लंगडत चढाला लागली. एक पाऊल, थांबायचं, पट्टीवर पाय ठिवायचा, पुन्हा एक पाऊल. मी उठायले तर वीरण्णानं त्याच्या जागंवरनं हात वर केला, बिड म्हणला, सोड तिला. सगळा गंज बघायलाय, हमालांनी पाठीवरची पोती तशीच धरलेली. पोचली. टक वाजलं. गाडी वाकली, रिकामी झाली, परत आली तिच्या हातात. आन् ती खाली येईनाच. तिथंच उभी, जिथून ती पडली व्हती त्याच उंचीवर, पदर वाऱ्यावर, चहूकडं बघायली. मी हाक मारली तर म्हणली, गोदे, हितनं माणिकनगरच्या देवळाचा कळस दिसतोय गं. इतक्या खेपा चढले, कधी बघायला सवडच झाली न्हाई.

पुढं हैदराबादचं राज्य फुटलं, आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, नावाच्या पाट्या कानडी झाल्या, साहेब बदलले. घोडी मात्र लई वर्सं टिकली. वीरण्णा कलबुर्गीला लेकीकडं गेला, तिथंच वारला म्हणून ऐकलं. फोटो न्हाई त्याचा, काई न्हाई. आक्का माझ्याच मांडीवर गेली, भरल्या वयात.

आता मी कमळीकडं असते. ती मास्तरीण व्हती, आता तिची बी पेन्शन झाली. लेक चांगली हाय, जावई चांगला हाय, दोन्ही गुडघे गेलेत, ते जायचेच. टीव्हीवर काय काय दाखवतेत. माणूस चंद्रावर जाऊन आला म्हणून कमळीनं सांगितलं, मी म्हणलं, आला असंल बाई, ज्याला जायचं तो जातंय. माझं बघायचं ते बघून झालंय.

ऊन उतरलं, तुमाला हैदराबादची गाडी धरायची असंल. सावकाश जावा. लिवताना चुका झाल्या तर होऊ द्या, मी बी कुठं नीट सांगायले. हात चालता राहू द्या तुमचा, डोळे धड राहू द्या. औक्षवंत व्हा माय.