उघडं काढलेलं दार

सोजरबाई : ...तेवढं दार बंद कर, बाई. चित्रातलं म्हनते मी.

उत्कर्षा : आजी, मला उघडं दिसलं, म्हणून उघडं काढलं. बंद दारं रंगवायची तर बिबवेवाडीहून धायरीला कशाला येऊ? आमच्या सोसायटीत पोत्यानं आहेत.

सोजरबाई : वरीस झालं त्या घराला कुलूप हाय. माझंच घर. किल्ली ही बघ, कनवटीला.

उत्कर्षा : मग मघाशी कोणी उघडलं असेल. एक जण बसले होते तिथे. तुमचं चित्र काढू का, असं विचारलंसुद्धा मी. काही बोलले नाहीत, मी आपला होकार समजले.

सोजरबाई : कुठं हाय त्यो?

उत्कर्षा : हे काय. चेहरा अजून व्हायचाय. चौकड्यांचा शर्ट, टॉवेलनं डोकं पुसत होते. एक खांदा जरा उतरलेला.

सोजरबाई : (चित्रावर वाकून) रणजित. माझा ल्योक.

उत्कर्षा : बरं झालं की मग. त्यांनाच विचारा दाराचं.

सोजरबाई : इचारलं असतं गं. तापानं गेला त्यो, त्याच घरात. गुरुजी म्हनले, वाईट नक्षत्रावर गेलाय, घर सोडा. भावकीनं त्याच दिशी कुलूप घातलं. मानूस गेल्या जागी धा दिस दिवा लावत्यात, त्यो जावेच्या घरी लावला. मी म्हनलं, तिकडचा दिवा त्याला कसा दिसंल? कुनी ऐकलं न्हाई माझं.

उत्कर्षा : आजी, मला खरंच माहीत नव्हतं. भीती वाटतेय मला. मी पुसून टाकते ते.

सोजरबाई : पुसू नगंस. उद्या घर पाडायला जेसीबी येनार हाय. पोरगं आतच ऱ्हायलं तर काय करू, ह्या घोरानं जीव खाल्लाय माझा. उंबऱ्याच्या आत बसलाय का भायेर?

उत्कर्षा : आत.

सोजरबाई : मला कवा दिसला न्हाई. तुला दिसला, तुझ्यापुढं बसला. तुझ्याच हातनं भायेर काढ त्याला.

उत्कर्षा : काढते. कुठे बसवू?

सोजरबाई : बसवू नगंस, उभा कर. तोंड त्या पान्याच्या टाकीकडं. आता आमी तिकडच्या बिल्डिंगीत ऱ्हातो. त्यानं ती बघितली न्हाई, तवा वाट तेवढी नीट काढ.