अक्काची वैद्यकीय तपासणी

फौजेत अंगाला महत्त्व की डोक्याला, यावर तुम्ही केव्हाचे भांडताय, तर आमच्या अक्काचं ऐका.

हवाई दलानं मुलींना वैमानिक म्हणून घ्यायला तेव्हा नुकतीच सुरुवात केली होती. माझी थोरली बहीण, सुमतीअक्का, रोज सकाळी तिरुवैयारुच्या रस्त्यानं धावायला जायची. आमच्या तंजावरात मुली असं धावत नसत. शेजारच्या मामी आईला विचारायच्या, "पोरीच्या मागं कोण लागलंय?" मागं असायचे आमचे अप्पा, सायकलवर, तिला सोबत म्हणून.

लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, अक्काची निवड झाली. राहिली फक्त वैद्यकीय तपासणी. तिची धास्ती कुणालाच नव्हती.

ती परत आली तेव्हा अप्पा आणि मी स्टेशनवर गेलो होतो. तिनं बॅग खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणाले, डोळे, छाती, दम, सगळं उत्तम आहे. पण पाय आखूड आहेत. विमानातल्या पेडलपर्यंत नीट पोचणार नाहीत."

"अजून व्यायाम केलास तर?" अप्पांनी विचारलं.

"व्यायामानं पाय लांब होत नाहीत, अप्पा."

आमचे अप्पा बुटके. घरात त्यांनी कधी कुणापुढं मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी भर प्लॅटफॉर्मवर ते आपल्याच पायांकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्यावर गेलीस गं. आईवर जायला हवी होतीस."

तोवर अक्का रडली नव्हती.