केकवालीनं मारलं, का वकिलानं?

...अन् तिथंच थांबली पाहा! आता तुमीच सांगा, मैद्याच्या पिंपात मुंडकं खाली अन् पाय वर, असा एक धडधाकट मानूस मरून पडला हाय, त्याच्या बुटाले पिवळी माती लागेल हाय, पिंपाच्या मांगून कोनाच्या तरी चपला वाजून राह्यल्या, अन् आमची सून शांतपनानं पान उलटते अन् वाचते काय? तर, 'साहित्य. मैदा दोन वाट्या. पिठीसाखर एक वाटी. लोणी, मऊ झालेलं.' अवं माय! मी म्हनलं, लोनी झालं मऊ, मीबी झाली मऊ, पन मारलं कोनं?

तर म्हनते, "आत्याबाई, ते पुढच्या प्रकरणात. आधी हा केक करून पाहू."

म्हंजे तिकडं मढं तसंच, अन् ही उठली मैदा चाळायले!

तुमाले सांगते, मी पंचफुला, मूळची धाड गावाकडची. आता लेकाजवळ देऊळगाव राजाले कॉलनीत राहते. लेक धम्मरत्न, मास्तर हाय, सकाळी जाते अन् संध्याकाळी येते, त्याले या गोठीतलं काई ठाऊक नाही, फक्त त्याच्या पँटी तंग होऊन राह्यल्या. सून मंजुश्री, जालन्याची, शिकेल पोरगी, बोलायले गोड, पन पुस्तक वाचायले बसली का जीव घेते. मी शाळेची पायरी चढली नाही, अक्षर मले येत नाही, पन कानानं आयकेल गोठ माह्या डोक्यातून जात नाही, कोनाच्या लग्नात कोन कोनावर रुसलं हे मी आजबी सांगू शकते. तर दुपारी भांडेकुंडे झाले का मंजुश्री वाचनालयातून आनेल पुस्तक काढते अन् ओट्यावर वाचते. मी आयकते. शेजारची आशाबाई आयकते, तिच्या मांडीवर कायम निवडायची डाळ, पन ती डाळ मी कधी निवडून झालेली पाह्यली नाही.

आधी बरे पुस्तकं आने. राजाचे, रानीचे, सासू-सुनेचे. मंग तिनं तो ओव्हन घेतला. अन् मंग हे नवीन सुरू झालं. फॉरेनचं पुस्तक, मराठीत केलेलं. त्याच्यात एक बाई, केकचं दुकान हाय तिचं, मी तिले केकवालीच म्हनते, तिचं नाव घ्यायले माही जीभ वळत नाही. तिच्या दुकानात तो मानूस मेला. गावातला सावकार म्हना, मोठा मानूस म्हना. अन् दर प्रकरनाच्या शेवटी एक केक! चपला वाजल्या, केक. दार करकरलं, केक. मेलेल्याची बायको बेशुद्ध पडली, बदामाची बिस्किटं! अन् मंजुश्रीचा कायदा, केक झाल्याबिगर पुढचं पान नाही. आता मानसानं खून आयकावा का पोट सांभाळावं? मी म्हनो, पोरी, एवढी बिस्किटं मी खाते, दाताले चिकटतात तरी खाते, पन सांग, मारलं कोनं?

बरं, मले काऊन एवढी घाई? सांगते. आशाबाईमुळं.

झालं असं का मढं पडल्यावर पोलीस म्हने, कोनी हात लावाचा नाही, साहेब येऊ द्या. बरं, न लावा. पन ती केकवाली! मढं मांगच्या खोलीत, अन् ही काय करते? 'मनाला बरं वाटावं म्हणून तिने केक भाजायला घेतला.' मी वाचन बंद पाडलं! म्हनलं, थांब! आमच्या धाडकडं गल्लीत मयत झाली का मढं उचलेपरेंत साऱ्या गल्लीच्या चुली थंड. लेकरू रडलं तर त्याच्या हातात कालची भाकर. चहासुद्दा नाही. अन् या बाईच्या घरातच मढं, अन् ही भट्टी पेटवते?

मंजुश्री म्हने, "आत्याबाई, त्यांच्याकडे तशी पद्धत नसते."

बरं, नसन. पन दुसऱ्या दिवशी तर हद्द झाली. ही केकवाली कुठी गेली? त्या मेलेल्याच्या बायकोजवळ. काय घेऊन गेली? चेरी लावेल केक! आता तुमी सांगा, तुमच्या आळीत कोनी गेलं तर तुमी काय नेता? पिठलं-भाकर नेता. बिनफोडनीचं. कडू घास म्हनतो आपून त्याले, कडू! दुःखाच्या घरी गोड कोन नेते? ज्याले आनंद झाला तो नेते! मी तिथंच मांडीवर थाप मारली अन् म्हनलं, हिनंच मारलं. केकवालीनं. लिहून ठेवा.

आशाबाईनं डाळीचं ताट खाली ठेवलं. म्हने, "नाही हो पंचफुलाबाई. त्या मेलेल्याचा वकील हाय ना, त्यानं मारलं. एवढ्या थंडीत घाम पुसून राह्यला होता, आयकलं नाही का तुमी?"

मी म्हनलं, वकिलाले घाम येनारच, त्याचा पक्षकार मेला, आता फी कोन देईन?

ती म्हने, "तुमाले काय समजते? आमचे हे कोर्टात जातात, मले वकील कळते."

आमचे हे म्हंजे वामनराव. आता वामनराव कोर्टात जातात ते झाडाखाली बसून पेपर वाचायले. मी म्हनलं, लाव पैज. जी हरन तिनं दुसरीच्या घरचे यंदाचे सारे पापड, कुरड्या, शेवया, सारं करून द्याचं, अन् ते बी ओट्यावर बसून, साऱ्या कॉलनीसमोर! आशाबाई म्हने, हाव. मी म्हनलं, हाव. अन् तुमाले खरं सांगू, पापडाचं काय, पापड मी आजबी लाटीन, हात चालतात माहे. पन आशाबाईच्या ओट्यावर बसून, अन् ती खुर्चीत बसून म्हनन, 'पंचफुलाबाई, जरा पातळ लाटा'... ते मले मरेपरेंत सहन होनार नाही! म्हनून मले घाई. म्हनून मी मंजुश्रीच्या मांगं, अवं वाच, मारलं कोनं?

तर शेवटचं प्रकरन राह्यलं, अन् मंजुश्रीचं माहेरी काम निघालं. निघाली जालन्याले. अन् पुस्तक कोनाजवळ ठेवून गेली? आशाबाईच्या सुनेजवळ! प्रेरणाजवळ! म्हने, "प्रेरणाला केकच्या कृती उतरवून घ्यायच्या आहेत. पुढचं वाचायचं नाही असं कबूल करून घेतलंय." मी म्हनलं, पोरी, तू कोर्टाचे कागद आरोपीच्या घरी ठेवून चालली का? पन ती बसमंदी बसली बी.

ते दिवस मी कसे काढले तुमाले काय सांगू? प्रेरणा गच्चीवर कपडे वाळू घाले, मी इथून तिच्या तोंडाकडं पाहो. हासली का? म्हंजे तिच्या सासूचं खरं निघालं. गप हाय का? म्हंजे माहं. आशाबाई दारात दिसली का म्हने, "काय पंचफुलाबाई, पोळपाट घासून ठेवला का?" मी म्हनो, "ठेवला, तुमच्यासाठीच."

मंजुश्री आली. पुस्तक आलं. आमी ओट्यावर बसलो. प्रेरणा नाही आली, म्हने कामात हाय. मंजुश्री वाचून राह्यली, पोलिसानं साऱ्यायले केकच्या दुकानात बोलावलं, दार लावलं, केकवाली इकडं उभी, वकील तिकडं उभा, मेलेल्याची बायको खुर्चीवर, अन् पोलीस म्हनते, 'खुनी या खोलीतच आहे. आणि त्याचं नाव...' मंजुश्रीनं पान उलटलं. मी आशाबाईचा हात धरला, तिनं माहा धरला. अन् मंजुश्री वाचते, 'गावात पुन्हा शांतता पसरली होती.'

काय शांतता? कोनाची शांतता? अवं नाव?

मंजुश्रीनं पान मांगं घेतलं, पुढं घेतलं. तिचं तोंड उतरलं. म्हने, "आत्याबाई... मधलं पान फाडलंय."

फाडलं! मी उठली. चष्मा कुठी, चप्पल कुठी, काई पाह्यलं नाही. आता माह्या डोक्यात दोन केसी. मारलं कोनं, अन् फाडलं कोनं! अन् दुसरीचं उत्तर माह्या शेजारी डाळ घेऊन बसेल होतं. मी म्हनलं, आशाबाई, हरून राह्यली होती म्हनून सुनेच्या हातानं पान फाडलं का?

आशाबाईच्या डोळ्यात पानी. खरंच सांगते. म्हने, "पंचफुलाबाई, माह्या लेकराची आन, मले ठाऊक नाही. चला, माह्या घराची झडती घ्या."

गेलो. मी, आशाबाई, मांगं मंजुश्री. तर सैंपाकघरात काय घमघमाट! प्रेरणा सुरी घेऊन केक कापून राह्यली. आमाले पाहून दचकली अन् मंग गोड हासली, "बसा ना आजी, गरमच आहे." वामनराव आधीच खुर्चीत, बशी मांडीवर, डोळ्याचं आपरेशन झालं म्हनून काळा चष्मा, मजेत खाऊन राह्यले. प्रेरणानं माह्या हातात बशी देली. मी घास तोडाले गेली, तर तुकड्याच्या बुडाले काई तरी चिकटेल. कागद! अन् कागदावर बारीक बारीक काळं. मले अक्षर येत नाही, पन त्या पुस्तकाचा तो पिवळसर कागद मी रोज दुपारी पाह्यते हो, माह्या लुगड्याइतका ओळखते!

मी म्हनलं, प्रेरणा. हे काय?

तर पोरगी म्हनते काय, "आजी, कृती उतरवून घ्यायला वेळच नव्हता, म्हणून पान काढून घेतलं. परत चिकटवणारच होते. मग सगळं मिश्रण तयार झालं आणि त्यात लिहिलेलं, भांड्याला आतून कागद लावा. घरात कागद नाही. बाबांचे पेपर आहेत, पण त्यांना हात लावला की बाबा ओरडतात. मग कृती तर पाठच झाली होती... तेच पान लावलं."

मंजुश्री म्हने, "अगं, मोबाईलमध्ये फोटो काढायचा ना!"

"मोबाईल चार्जिंगला होता."

मी म्हनलं, पन पोरी, पानाच्या मांगं काय होतं ते तरी वाचलं का? मारलं कोनं?

"नाही आजी. मी गोष्ट वाचत नाही. मी केकपुरतंच पाहते."

आयकलं? एवढी गोठ सोडून केकपुरतं! मंग काय, साऱ्यायच्या बशा आन म्हनलं इकडं. माहा तुकडा, आशाबाईचा तुकडा, भांड्यातले तुकडे. एक एक उलटा करून आमी कागद सोलला. आशाबाई नखानं, मी चमच्यानं, जशी जखमेवरची चिकटेल पट्टी काढावी इतकं हळू. मंजुश्रीनं ते सारे तुकडे ताटात जुळवले, तुपानं पारदर्शक झालेले, अन् वाचू लागली. 'पोलिसाने बोट... खोलीत शांतता... खाली मान घालून... "हो, मीच मारलं त्याला," असं म्हणून...' 

पुढं? अवं पुढं? असं म्हनून कोन?

मंजुश्री म्हने, "पुढचा तुकडा नाही."

आमी साऱ्यायनं हळूच मान वळवली. वामनराव बशीतला चुरा बोटानं टिपून राह्यले होते.

आशाबाई म्हने, "अहो... तुमच्या तुकड्याच्या खाली कागद होता?"

वामनराव म्हने, "कागद होता का तो? मले वाटलं खरपूस पापुद्रा हाय. चांगला लागला."

आता काय करता! त्या मारनाऱ्याचं नाव, एवढ्या मोठ्या पोलिसानं एवढ्या मेहनतीनं शोधेल नाव, वामनरावच्या पोटात! अन् वामनराव म्हनतात, अजून एक तुकडा दे.

मंजुश्री वाचनालयात गेली, तिथली बाई म्हने, "एकच प्रत होती, आणि ती खराब केल्याबद्दल आधी आपण बोलू." संध्याकाळी धम्मरत्न आला, मी म्हनलं, बापा, तुह्या मोबाईलमंदी पाह्य, त्यात सारं असते म्हनतात. त्यानं पाह्यलं, लय पाह्यलं. म्हने, "माय, केकचे व्हिडिओ शंभर सापडले. मारलं कोनं ते कोनीच टाकलं नाही." म्हंजे साऱ्या दुनियेले केकपुरतंच पडलं हाय, प्रेरणासारखं!

मंग मंजुश्रीनं दुसरा भाग आनला. त्याच केकवालीचा. ओट्यावर बसलो, आशाबाई आली, डाळ घेऊन. मंजुश्रीनं पयलं पान उघडलं, 'सकाळच्या कोवळ्या उन्हात तिने दुकानाचं दार उघडलं आणि मैदा चाळायला घेतला.' आशाबाई टाळी वाजवून उठली! "पाहा, पाहा पंचफुलाबाई, मोकळी फिरून राह्यली! तिनं मारलं असतं तर तुरुंगात नसती का? करा पापड!"

इकडं मंजुश्रीनं पुढं वाचलं, 'इतक्यात तिचे जुने स्नेही वकीलसाहेब चहा प्यायला आत आले.'

आता आशाबाई हळूच खाली बसली.

मी तिच्याकडं पाह्यलं, तिनं माह्याकडं. म्हंजे दोघंबी बाहेर. दोघंबी चहा पिऊन राह्यले. मंग मारलं कोनं? आशाबाईच म्हने, "जामीन झाला असंन."

मी म्हनलं, हाव. दोघायचाबी.

अन् तेवढ्यात मंजुश्री वाचते, दुकानाच्या मांगं नवीन मढं! पयल्याचा निकाल नाही, अन् हे दुसरं! आशाबाई म्हने, "आता हो?" मी म्हनलं, आता काय, बस. आमच्या वावराच्या बांधाची केस माह्या सासऱ्यानं टाकली होती, तो गेला, नवरा गेला, तारखा आता धम्मरत्नले येतात. इथं जिवंत मानसाचा निकाल लागत नाही, मेलेल्याले कोन इचारते... वाच, मंजुश्री. केक कोनता हाय?