उद्यासाठी ठेवलेला लाडू

समारंभाचे अध्यक्ष माननीय अरविंदशेठ, पर्यवेक्षिका शुभदाताई, आज बालवाडीतून निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, आपल्या मालतीबाई, सतरंजीवर चुळबुळ करणारे बालगोपाळ आणि त्यांच्यावर डोळे वटारणारे पालक, सर्वांना या हौसेरावचा नमस्कार.

चुळबुळ माझीही चाललीय. तुर्भ्याच्या मार्केटात जन्मभर गोण्या उचलल्या, पण हा माईक काही पेलवत नाही. आमची वेणूबाई पहिल्या रांगेतून खुणावतेय, आटपा म्हणून. आटपतो.

या बालवाडीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सुटताना पोरगं चपला घालून उंबऱ्यावर आलं की बाई विचारणार, काल काय केलं? उद्या काय करणार? उत्तर दिलं की मगच घरी. मला वाटायचं, काय हा पोरखेळ! एवढ्याशा जिवाला काल कळतो का, आणि उद्या?

गेल्या वर्षी माझा मुलगा उदयसिंह आजारपणात गेला. हे इथं बोलायचं नव्हतं, पण निघालंच तोंडून. नात राजनंदिनी तेव्हा तीन वर्षांची. घरात ठरलं, पोरीसमोर त्याचं नाव काढायचं नाही. लहान आहे, विसरेल. फोटो कपाटात गेला. तिनं विचारलं की म्हणायचं, पप्पा गावाला गेलेत, उद्या येतील. रोज तेच, उद्या येतील. तुम्ही तरी दुसरं काय सांगितलं असतं?

मग एकदा उंबऱ्यावर पोरगी म्हणाली, "काल पप्पांनी मला हातगाडीवर बसवलं." त्याला जाऊन तर कित्येक महिने झालेले. वेणूबाई म्हणाली, "खोटं बोलू नये, बाळा." मालतीबाई खाडीकाठच्या, बोलणं रोखठोक. म्हणाल्या, "आजी, पोर खोटा नाय बोलत. तिचा काल मोठा हाय, त्यान सगला मावतं." आणि पोरीला विचारलं, पप्पांचा शर्ट कसला होता? निळा. गाडीवर अजून काय होतं? कोबी. मंडळी, अगदी बरोबर होतं! मी स्वतः ती गाडी ढकलली होती. माझे डोळे भरून आले.

पण दुसरा प्रश्न आला की पोरगी म्हणायची, "उद्या नाही." बाकीची पोरं उद्या सीवूड्सच्या मॉलमध्ये जाणार, विमान चालवणार, आणि आमची म्हणते उद्या नाही! बाईंनी आम्हाला समजावलं. पोरं कालच्याच सामानातून उद्या रचतात. तुम्ही तिचा काल कपाटात ठेवलात आणि उद्या रोज खोटा पाडलात, मग ती आणणार कुठून?

त्याच दिवशी फोटो भिंतीवर आला. सून राजेश्वरीनं पोरीला मांडीवर घेऊन खरं काय ते सांगितलं. पोरगी रडली, आम्ही सगळेच रडलो. आता जेवताना त्याच्या गोष्टी निघतात, हसतोही आम्ही. पण तिचं "उद्या नाही" काही सुटेना. कसला जिवाला घोर लागला होता म्हणून सांगू!

आणि आज, आत्ता, आत येताना लाडू वाटले ना? तिनं एक खाल्ला, दुसरा रुमालात बांधला. म्हटलं, खा की. तर म्हणते, "हा उद्याचा. उद्या बाईंना देणार."

तेव्हापासून मला खुर्चीत बसवत नाही. एवढ्या महिन्यांतला तिचा हा पहिला उद्या. आणि बाई उद्या लेकाकडे, तेजसकडे, द्रोणागिरीला कायमच्या राहायला निघाल्या. पोरीला काय सांगू? खोटं तर आता सांगणार नाही.

संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे उपकार. साध्या माणसाचं बोलणं, वेडंवाकडं काही गेलं असेल तर पोटात घाला. बसण्याआधी एवढंच विचारतो. मालतीबाई, उद्या निघताना जरा या उंबऱ्यावर याल का?

नुसती मान हलवू नका, बाई. हा माईक घ्या आणि मोठ्यानं सांगा. पोरगी ऐकतेय.