कोंडा देऊन घेतलेलं पोर

नाव सोनूबाई, नवऱ्याचे नाव हरेश्वर. जात कोळी. वय तिसाच्या आसपास, नक्की ठाऊक नाही. धंदा मासळी विकणे, पाटी घेऊन परळ-लालबागेत फिरते. राहणार शिवडी बंदराजवळचा कोळीवाडा, मुंबई. सन १८९४, मार्गशीर्ष महिना. आज रोजी भोईवाड्यातील चौकीत कोणी न बोलावता आपल्या पायांनी हजर होऊन समक्ष सांगते ती हकीकत अशी.

काल माझ्या नवऱ्याने इथेच फिर्याद दिली की, एक शिदी आमचा चार वर्षांचा मुलगा कोंडू याला पळवून नेत असता वाड्यातल्या लोकांनी त्याला पकडले. ही फिर्याद खोटी आहे. नवरा खोटं बोलला नाही, त्याला दिसलं ते त्याने सांगितलं. खोटं मी बोलले. कारकून साहेबांनी इथे 'एक हबशी इसम' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. त्याचं नाव मुबारक आहे. इतकी वर्षं मी ते विचारलं नाही, आज इस्पितळातल्या शिपायाने सांगितलं तेव्हा कळलं.

मुबारक पूर्वी आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचा. पाय भाजल्यापासून बंदरावरच्या कोळशाच्या वखारीची राखण करतो. ती वखार आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे.

माझी आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली. कोंडू झाला तेव्हा नवरा वसईकडे मासेमारीला गेला होता. सासू म्हणाली, "सटवी याला पन नेईल गो. याला इकून टाक." आमच्यात अशी रीत आहे. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिने नवं बाळ परक्याला सूपभर कोंड्यावर विकायचं. मग पोर त्या परक्याचं, आपण नुसतं वाढवायचं, म्हणजे सटवीची नजर पडत नाही. पाच वर्षांचं झालं की नारळ-तांदूळ देऊन परत घ्यायचं. यात लपवण्यासारखं काही नाही, आमच्या वाड्यात आणखी दोन कोंडू आहेत. विकायचं कोणाला एवढाच प्रश्न होता. सासू म्हणाली, "त्या शिद्याला इक. त्याचं काळं तोंड बघून सटवी पलूनच जाईल." आम्ही दोघी हसलो. हसलो हे पण लिहा.

वखारीच्या मागे जाऊन विकला. कोंडा माझ्याच घरचा होता. मी सूप त्याच्या हाती दिलं, त्याने ते पोराची किंमत म्हणून मला परत द्यायचं, एवढंच. आधी त्याला काही समजेना. सासूने समजावलं तेव्हा तो आत गेला, हाताचा कोळसा घासून धुतला आणि मगच पोराला मांडीवर घेतलं. घरी आणि वाड्यात आम्ही सांगितलं की लालबागच्या एका भंडारणीला विकला. शिद्याचं नाव घेतलं असतं तर जातीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. सासू गेल्या शिमग्यात वारली. मग खरं ठाऊक असणारी माणसं दोनच उरली, मी आणि तो.

त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. वाटेत कोणी नसलं की मला विचारायचा, "बाई, हमारा माल ठीक है ना? दुबला दिखता है. सब मच्छी बेच डालती क्या?" मी म्हणायची, "गप रे, तुझ्या मालाला काय धाड भरलीय!" दर नारळी पुनवेला तो पोरासाठी काळा दोरा द्यायचा. मी तो बांधायची, कोणी दिला ते सांगायची नाही. आणि रात्री पोर झोपेना झालं की त्याच माणसाची भीती घालायची, "गप पड, नायतर वखारीचा हबशी येईल, पोत्यात घालून नेईल." वाड्यातल्या सगळ्या आया असंच सांगतात. पण त्यांना तो कोण हे ठाऊक नव्हतं, मला होतं.

काल दुपारी मी बंदरावर मासळी निवडत होते. कोंडू खेळत खेळत खाजणात गेला आणि चिखलात कमरेपर्यंत रुतला. भरती चढत होती. मी पाहिलं नाही, मुबारकने पाहिलं. वखारीची फळी चिखलावर टाकून तो पोटावर सरपटत गेला आणि पोराला ओढून काढलं. फळी अजून तिथेच आहे, आज सकाळी मी बघून आले. पाहिजे तर माणूस पाठवून खात्री करा. पोराला खांद्यावर घेऊन तो आमच्या वाड्याकडेच येत होता. पोर "हबशी, हबशी" म्हणून किंचाळत होतं. ते त्याला मी शिकवलेलं.

लोक वल्ही घेऊन धावले. मी पोचले तेव्हा त्याला घेरलं होतं, पण अजून कोणी मारलं नव्हतं. हे नीट लिहा, अजून कोणी मारलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं, "पोर कुठं नेतंस रे?" मला बघून मुबारकला धीर आला असावा. तो म्हणाला, "घर लाता हूँ. हमारा भी है ये. कोंडा देके लिया है. ये बाई को पूछो."

सगळे माझ्याकडे वळले. आमच्या वाड्याचे पाटील महादेव होते, माझ्या जावा होत्या. नवरा म्हणाला, "सोनू, तू याला वलखतेस?"

मी बोलले, "मी नाय वलखत."

मग मारलं. पोर खांद्यावरून उतरवून घेईपर्यंत मुबारकने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं, पोराला एकही वल्हं लागलं नाही. मी बाजूला बसून पोराच्या अंगाचा चिखल धूत होते. चिखल लवकर निघेना, त्याचं मला बरं वाटलं. मान वर करावी लागत नव्हती.

आज सकाळी पोराला घेऊन इस्पितळात गेले. मुबारकचा उजवा हात मोडला आहे, जबडा बांधला आहे, खाटेशी शिपाई बसवला आहे. शिपायाने त्याला विचारलं, "ही बाई कोण?" मला वाटलं, आता शिव्या देईल. अरे देवा, दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी गुपचूप घरी गेले असते! त्याने आधी पोराकडे पाहिलं, हात-पाय शाबूत आहेत का ते पाहिलं. मग बांधलेल्या तोंडातून कसंबसं म्हणाला, "नहीं पहचानता." मला सांभाळून घेण्यासाठीच तो तसं म्हणाला. मला माझीच लाज वाटली. तिथून मी घरी न जाता इकडे आले.

नवरा मागोमाग आला. दाराशी म्हणाला, "तोंड उघडलंस तर उंबरा चढू नको." पाटील म्हणाले, जातीबाहेर टाकू. जमादार साहेबांनी विचारलं, एका शिद्यासाठी संसारावर पाणी सोडतेस, त्याने तुला दिलं तरी काय? मी सांगितलं, पोर दिलं. दोनदा दिलं. उद्या त्याला पोरचोर म्हणून मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे नेणार असाल, तर आधी हा कागद पुढे ठेवा.

कारकून साहेबांनी हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवला. मी म्हटलं, मला ऐकू आलं, आता दाराशी उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जाईल असा वाचा. तसा पुन्हा वाचला. वखारीमागच्या हकीकतीपाशी नवरा निघून गेला, बाकीचे शेवटपर्यंत थांबले. मी बोलले तेच लिहिलं आहे, कोणाच्या दाबाखाली बोललेले नाही. मुबारकला मी ओळखते.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सोनूबाई.