दत्तोपंतांची बारा माणसं

मंडळी, ऐका! आज मंगलाचरण झाल्याबरोबर पहिला प्रश्न तुम्हालाच. माणसाला किती माणसं लागतात?

हसू नका! जन्माला यायला दोन लागतात, ठाऊक आहे. जाताना खांद्याला चार लागतात, तेही ठाऊक आहे. आमचे पेटीवाले म्हणतील – बुवा, हल्ली गाडी येते, दोघांवरही भागतं! खरं आहे. पण मधल्या काळाचं काय? जन्म आणि तिरडी यांच्या मध्ये जे सत्तर-ऐंशी वर्षांचं लांबलचक दुपारचं ऊन असतं, ते काढायला किती लागतात? का एकट्यानं निभतं? डबा घरपोच येतो, बिलं घरबसल्या भरता येतात, देवदर्शनसुद्धा मोबाइलवर होतं – मग माणूस हवाय कशाला? बोला! गप्प बसलात. ठीक. आपण गोष्टीलाच विचारू.

पंचगंगेच्या अलीकडे कुरुंदवाड आहे. पूल ओलांडला की नरसोबाची वाडी, दत्तप्रभूंचं स्थान. या कुरुंदवाडात दत्तोपंत हुल्याळकर राहायचे. नवसानं झालेले, म्हणून नाव दत्त. साखर कारखान्यात संगणक विभागात नोकरी झाली, निवृत्त झाले. लग्न केलं नाही. घरात दोघंच – दत्तोपंत आणि त्यांची थोरली बहीण मंदाताई.

मंदाताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. आणि त्यांचं खरं वेड काय? नदीतले शिंपले! लोक नदीवर आंघोळीला जातात, पुण्य जोडायला जातात, ही बाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात शिंपले बघत उभी! जगात कुणी शिंपल्यावर काही लिहिलं, की ते ताईंना वाचायलाच हवं. त्याला म्हणतात शोधनिबंध. पहिल्या रांगेतल्या आजींसाठी सांगतो – शोधनिबंध म्हणजे विद्वानांची पोथी. एकानं काही शोधलं की ते लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं, आणि 'तुझं साफ चुकलं' हे सांगायला तिसरा निबंध लिहायचा. आपल्या भजनी मंडळासारखंच आहे सगळं!

पुढं ताई आजारी पडल्या, अंथरुणाला खिळल्या. हातात फक्त मोबाइल. आणि या पोथ्यांची अक्षरं मुंगीएवढी, तीही दोन-दोन रकान्यांत! ताईंना दिसेना. तेव्हा दत्तोपंतांनी काय करावं? स्वतः बसून एक अ‍ॅप तयार केलं. जे निबंध सगळ्यांना वाचायला खुले असतात ते गोळा करायचे, आणि एका रकान्यात मोठ्या अक्षरांत मांडायचे. नाव ठेवलं 'शिंपला'. मोबाइलच्या पोटात एक दुकान असतं, तिथून सगळी अ‍ॅप मिळतात. त्या दुकानात 'शिंपला' ठेवून दिलं. दुसऱ्या कुणाचा उपयोग झाला तर होऊ दे!

दरवर्षी खंडेनवमीला आपण शस्त्रांची, अवजारांची पूजा करतो ना? दत्तोपंत संगणकाला हळदकुंकू वाहायचे. आणि दसऱ्याच्या सकाळी अ‍ॅपची नवी आवृत्ती पाठवायचे. काही दुरुस्त केलेलं, काही वाढवलेलं. आतल्या खोलीत ताई ती सगळ्यांत आधी उघडायच्या आणि म्हणायच्या, "बरं जमलंय हो दत्तू." बस्स. दत्तोपंतांचं सोनं लुटून झालं!

आणि मंडळी, एक दिवस ताई गेल्या.

ज्या घरात माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीण पिठलं-भात आणते. ही आपली रीत! पलीकडच्या यमुनामावशी डबा घेऊन आल्या. दार वाजवलं. दत्तोपंत आत होते, पण उठले नाहीत. मावशी डबा पायरीवर ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशीही तो तिथंच! नंतर भेटायला लोक आले, दार बंद. लग्नाची पत्रिका आली, बारशाचं बोलावणं आलं, हे गेले नाहीत. हळूहळू लोक यायचे थांबले. लोक वाईट नसतात हो! पण बंद दारावर माणूस किती वेळा हात मारणार?

मात्र अ‍ॅपचं काम त्यांनी सोडलं नाही. दर दसऱ्याला नवी आवृत्ती जायचीच. स्वतः दत्तोपंतांनी उभ्या जन्मात एक शोधनिबंध वाचलेला नाही! मग कुणासाठी? ताईंचा फोन ते चार्ज करून ठेवायचे. त्या फोनवर नवी आवृत्ती आली, की एवढासा क्षण त्यांना वाटायचं, ताई आतल्या खोलीत आहे. त्या एका क्षणावर ते वर्ष काढायचे.

तिसऱ्या वर्षी श्रावणात त्या दुकानाकडून निरोप आला. नियम बदलले आहेत. नव्या फोनांसाठी अ‍ॅप नव्यानं बांधा. आणि आणखी एक – तुम्ही कंपनी नाही, एकटे इसम आहात. तेव्हा नवी आवृत्ती बारा माणसांनी आपापल्या फोनवर घ्यावी आणि पंधरवडाभर रोज वापरावी. ते आम्हाला दिसलं तरच मंजुरी. नाहीतर दसऱ्याला तुमचं अ‍ॅप दुकानातून जाईल, ज्यांच्या फोनवर आहे तिथंही चालायचं थांबेल.

ऐकलंत? यमाच्या दरबारात चार माणसांवर काम होतं. या दुकानाला बारा हवीत!

नव्यानं बांधायचं काम दत्तोपंतांनी हां हां म्हणता उरकलं. पण बारा माणसं? ती कुठून बांधायची? ते बोटं मोजत बसले. दूधवाला... तो पिशवी कडीला अडकवून जातो, त्याचं तोंड पाहिलेलं नाही. कारखान्यातले सोबती... नंबर आहेत, पण आवाज विसरले. आणि अ‍ॅप गेलं, तर ताईच्या फोनवर काही येणार नाही. त्यांना अगदी स्पष्ट वाटलं, की हे गेलं म्हणजे ताई दुसऱ्यांदा गेली.

एका संध्याकाळी ते धीर करून घाटावर गेले. तिथं निवृत्त मंडळी बसतात. हे जाऊन उभे राहिले. पाणी चढलंय म्हणाले. आणि आले परत! शब्द ओठांवर होता, पण सुटेना. म्हणतील – तीन वर्षं दार उघडलं नाही, आणि आता आला कामापुरता मामा!

आता गंमत बघा. पुलापलीकडे कोण बसलंय? प्रत्यक्ष दत्तप्रभू! ज्यांना त्रैलोक्यात काही कमी नाही, ते रोज दुपारी झोळी खांद्याला लावून भिक्षा मागतात. पाच घरी मधुकरी मागून शिकलेली माणसं या गावांनी पाहिली. आणि त्याच दत्ताचं नाव लावणारा हा माणूस मागायला लाजतोय! घ्या, सूर धरा –

झोळी येता खांद्यावरी ।
मीपण राहे उंबऱ्यावरी ॥

हे आमचंच जोडलेलं आहे, कुणा संताच्या नावावर खपवू नका! तर दत्तोपंतांचं मीपण उंबऱ्यावर राहीना. ते त्यांच्याबरोबर आतच राहायला होतं.

मग त्यांनी काय केलं? स्टँडजवळ शौकतभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्याकडे लोकांनी टाकून दिलेले जुने फोन असतात. दत्तोपंत म्हणाले, थोडं काम आहे, बारा फोन द्या, महिन्यात परत करतो. शौकतभाईंनी पिशवी भरून दिली, कशाला म्हणून विचारलंही नाही.

गणपतीचे दिवस होते. गल्लीत आरत्या चालल्यात, झांजा वाजतायत, मोदकांचा वास सुटलाय. आणि दत्तोपंत दार लावून आत! जेवणाच्या टेबलावर बारा फोन ओळीनं मांडलेले. रोज सकाळी आंघोळ करून ते एकेक फोन उघडायचे, 'शिंपला' चालू करायचे, दोन पानं वर सरकवायचे आणि पुढचा फोन हातात घ्यायचे. दोन-चार दिवसांत त्या फोनांना स्वभाव आले! हा उशिरा उठतो. हा तापट, लगेच गरम होतो. ही काच तडकलेली, हिच्याशी सांभाळून. "काय, झोप लागली का?" असं ते फोनाला विचारायला लागले. हसताय? हसा. पण खरं सांगू का, ताई गेल्यावर त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कुणाची विचारपूस करत होतं.

अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले, आणि मोबाइलच्या पोटातल्या त्या दुकानाचा निरोप आला. नामंजूर! बारा फोन दिसतात, पण सगळे एकाच घरात, एकाच वेळेला, एकापाठोपाठ एक उघडतात. बारा माणसं दिसत नाहीत. खरी माणसं आणा. पुन्हा असं केलंत तर दार कायमचं बंद.

दत्तोपंतांनी बारा फोन एकेक करून बंद केले. मग पिशवी भरली आणि शौकतभाईंकडे गेले. फोन परत करताना ते एकेक पुसून ठेवत होते. शौकतभाईंनी ते पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला आणि तेव्हा कुठं विचारलं, की हे होतं तरी कशासाठी. आणि दत्तोपंत सांगायला लागले. ताई, शिंपले, मोठी अक्षरं, दसरा... तीन वर्षांचं तुंबलेलं सगळं त्या सोल्डरच्या धुरात बाहेर आलं.

शौकतभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंत, तुम्ही माझ्याकडं बारा फोन मागितलात. माणूस एक तरी मागायचा होता. मी इथंच बसलेलो होतो."

मंडळी, या वाक्यावर कीर्तन संपलं तरी चालेल! पण संपवत नाही, कारण अकरा उरलेत.

दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. या दिवसांत नवं काही सुरू करायचं नाही म्हणतात, पण दत्तोपंतांना दसरा समोर दिसत होता. ते घराबाहेर पडले. खांद्याला झोळी नव्हती, पण मागणं तेच! पहिल्या दारात घाम फुटला. कारखान्यातला सोबती म्हणाला, माझ्या मुलीच्या लग्नाला तू आला नाहीस. दत्तोपंत म्हणाले, हो, चुकलं माझं. त्यानं तोंड फिरवलं आणि मग खिशातून फोन काढला. एकानं सरळ नाही म्हटलं. एकानं घेतो म्हणून घेतलंच नाही. ताईंची एक विद्यार्थिनी भेटली, ती अ‍ॅप उघडून रडलीच. असं करत करत अकरा झाले. बारावं दार राहिलं – ते भिंतीपलीकडचं. सगळ्यांत जवळचं, म्हणून सगळ्यांत लांबचं!

यमुनामावशी परसात शेंगा निवडत होत्या. त्यांचंही घर एकटीचंच, मुलगा पुण्याला. दत्तोपंत उभे राहिले. आधी म्हणाले, "मावशी, त्या दिवशी डबा आत घेतला नाही मी."

मावशी मान वर न करता म्हणाल्या, "कुत्र्यानं खाल्ला. डबा धुवून ठिवलाय मी."

मग त्यांनी अ‍ॅपचं सांगितलं. रोज एकदा उघडायचं, पुरे. मावशी म्हणाल्या, "मला न्हाई बाबा त्यातलं कळत. मुलाचा फोन आला की तेवढा उचलता येतो. तू रोज यायचं, कुठं बोट लावायचं ते सांगायचं. मग मी लावीन."

आता आली का पंचाईत! बोट त्यांचंच हवं, आणि दाखवायला हे हवेत. दत्तोपंत रोज सकाळी मावशींकडे जायला लागले. बोट लावायला काही वेळ लागत नाही, पण चहा होतो. चहाबरोबर मुलाचं गाऱ्हाणं होतं. एकदा मावशींनी विचारलं, हे लिहिलंय काय? तेव्हा दत्तोपंतांनी जन्मात पहिल्यांदा शोधनिबंध वाचला! शिंपला आयुष्यभर एकाच जागी बसून पाणी गाळत राहतो, त्यानं नदी स्वच्छ राहते, असं काहीतरी होतं. मावशी म्हणाल्या, "मंदासारखंच की."

पंधरवडा संपला. नवरात्रात मंजुरी आली. खंडेनवमीला संगणकाला झेंडू वाहिले, आणि दसऱ्याच्या सकाळी नवी आवृत्ती गेली!

दत्तोपंत आतल्या खोलीत गेले. ताईंचा फोन हातात घेतला. नवा 'शिंपला' उघडला. अक्षरं छान मोठी, ठळक. ते वाट बघत राहिले. ...काही नाही. पंखा फिरत होता. दर वर्षी तो एक क्षण यायचा – ताई आत आहे असं वाटायचं. या वर्षी तो आलाच नाही. ज्याच्यासाठी एवढी धडपड केली, तेच नेमकं आलं नाही. ताई गेली होती. दत्तोपंतांना ते त्या दिवशी कळलं, आणि ते पलंगाच्या कडेला बसून रडले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "दत्तू, आज आला न्हाईस व्हय? मी बोट पुसून बसलीया."

त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "मावशी, पंधरवडा संपला. आता उघडायची गरज नाही."

मग मावशी म्हणाल्या, "तुझा संपला असंल बाबा. माझा न्हाई."

दत्तोपंत उठले. देवापुढची आपट्याची पानं घेतली आणि अनवाणीच पलीकडे गेले. गोष्ट एवढीच.

तर मंडळी, माणसाला किती माणसं लागतात? मला नाही माहीत! मी काय दुकानदार आहे नियम करायला? पण तुमच्या खिशातल्या फोनमध्ये शेकड्यांनी नंबर आहेत. त्यातल्या बारा जणांकडे, काम नसताना, जाऊन उभं राहता येईल का? हे तुमचं तुम्ही मोजा. आणि दुसरं मोजणं जास्त अवघड आहे – तुमच्या गल्लीत कुणीतरी आत्ता बोटं मोजत बसलाय. त्याच्या बारांत तुमचं नाव येतं का? त्याला मागायची लाज वाटते हो. दत्तप्रभूंना वाटत नाही, आपल्याला वाटते! तेव्हा त्याच्या मागण्याची वाट बघू नका. मागं एकदा त्यानं दार उघडलं नव्हतं, तुमचा डबा कुत्र्यानं खाल्ला होता – माहीत आहे मला. डबा धुवून ठेवलाय ना? पुन्हा भरा.

आता आरती होईल, प्रसाद मिळेल. प्रसादाचा एक द्रोण जास्त मागून घ्या – मागायला शिका! आणि घरी जाताना वाटेत जे दार तुम्ही रोज ओलांडून जाता, तिथं थांबा आणि वाजवा. आतून आवाज येईपर्यंत उभे राहा. देव तिथंच कुठंतरी कडी काढत असतो.